इंदूरमध्ये रात्री अकरानंतर खायला कुठे मिळते?

आपण चौघे जण नाशिकहून मोटारीने निघून कार्तिकी एकादशीच्या रात्री अकराच्या सुमारास इंदूरला पोहोचणार आहात, सोबत उपवास असलेल्या सासूबाई आहेत, त्याच रात्री पुढे उज्जैनला महाकालेश्वराच्या पहाटेच्या भस्म आरतीसाठी जायचे आहे आणि म्हणून इंदूरमधील चोवीस तास उघडी असणारी उपाहारगृहे कोणती, असे आपण विचारले आहे. माझी आत्या लग्न झाल्यापासून इंदूरला राहते. तिच्याकडे जाता-येता मी हे शहर बऱ्याच अवेळी पाहिलेले आहे, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

प्रथम ‘चोवीस तास’ हा शब्द मनातून काढून टाकावा, ही विनंती. सप्टेंबर २०२२मध्ये इंदूरच्या प्रशासनाने बीआरटीएस मार्गालगतच्या (शहर बससाठी राखीव मार्गिका असलेल्या रस्त्यालगतच्या), निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंतच्या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात दुकाने व खाद्यगृहे रात्रभर चालू ठेवण्याची मुभा दिली होती. पुढे रात्रीचे मद्यपान, हुल्लडबाजी आणि भांडणे यांच्या तक्रारी वाढल्या आणि जुलै २०२४मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली. मात्र त्या दोन वर्षांत लोकांनी काढलेले व्हिडिओ आणि लिहिलेले सल्ले आजही फिरत असतात, आणि नकाशावरच्या ‘२४ तास उघडे’ या नोंदीही सगळ्या काही कोणी दुरुस्त केलेल्या नाहीत. अशाच एका नोंदीवर विश्वास ठेवून मी रात्री पावणेदोन वाजता विजयनगर भागात एका बंद शटरसमोर उभा राहिलो होतो. रखवालदाराने मला ज्या नजरेने पाहिले, त्यावरून त्या आठवड्यातला मी पहिला नसावा. तेव्हा इंदूरमध्ये रात्री खायचे असेल तर कोणते दुकान उघडे आहे यापेक्षा घड्याळात किती वाजले आहेत हे आधी पाहावे, कारण तिथे रात्रीच्या प्रत्येक प्रहराची खाण्याची जागा वेगळी आहे.

आपली वेळ, म्हणजे अकरा ते साडेबारा, ही नेमकी सराफ्याची वेळ आहे. राजवाड्याच्या मागे असलेल्या या बाजारात दिवसभर सोन्याचांदीच्या पेढ्या चालतात. रात्री आठ-साडेआठनंतर त्या बंद होऊ लागल्या की त्यांच्याच ओट्यांसमोर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, दहानंतर गल्ली माणसांनी भरून जाते आणि ही वर्दळ साधारणपणे एक-दीडपर्यंत टिकते. गल्लीत रात्री माणसांचा वावर राहिला म्हणजे चोरांना वाव मिळणार नाही, या हिशेबाने सराफांनीच पूर्वी आपले ओटे खाद्यविक्रेत्यांना वापरू दिले, असे इंदूरकर सांगतात. अलीकडे मात्र वाढलेली गर्दी आणि अरुंद गल्लीतले गॅस सिलिंडर यांमुळे आगीच्या भीतीने सराफ मंडळीच अस्वस्थ आहेत, आणि चायनीज, मोमो यांसारख्या नव्या गाड्या हटवून जुन्या पदार्थांनाच तिथे जागा असावी, असा आग्रह ते धरतात. आगीचा मुद्दा गंभीर आहे, पण चवीच्या बाजूनेही मी सराफांच्याच पक्षात आहे: नूडल्स नाशिकमध्ये मिळतात, भुट्ट्याचा कीस मिळत नाही.

हा कीस म्हणजे मक्याची कोवळी कणसे किसून, तुपात मोहरी-हिंगाची फोडणी देऊन, दूध घालून मंद आचेवर शिजवलेला पदार्थ. तो पावसाळ्यात अधिक चांगला लागतो, पण कार्तिकातही मिळेल. आपण जाणार त्या दिवसांत खरे आकर्षण गराडूचे असते. कोनफळाच्या कुळातला हा कंद थंडीतच येतो. त्याच्या फोडी एकदा तळून ठेवतात, गिऱ्हाइकाने मागितल्या की पुन्हा कडकडीत तळतात आणि वर मसाला भुरभुरून, लिंबू पिळून द्रोणात देतात. तो थंड झाल्यावर खाण्यात काही अर्थ नसतो, म्हणून चौघांनी मिळून एकच द्रोण घ्यावा आणि हवा असल्यास दुसरा मागावा. जोशी यांच्या दहीबड्याच्या दुकानासमोर बघ्यांची गर्दी दिसेल. दह्याचा द्रोण हवेत उडवून झेलणे आणि एकाच चिमटीत धरलेले निरनिराळे मसाले एकामागून एक वेगवेगळे सोडणे ही तिथली जुनी खासियत असून ती पाहायला पाच मिनिटे उभे राहायला हरकत नाही. विजय चाटचे खोपरा पॅटीस, म्हणजे आत ओल्या नारळाचे सारण असलेले बटाट्याचे गोळे, मुलांना हमखास आवडतात. जलेबा नावाची मोठी जिलेबी पाव किलोच्या घरात जाते, ती एकट्याने संपवण्याच्या पैजेत मी एकदा हरलो आहे. शिकंजी मागवलीत तर लिंबूसरबत येईल अशी अपेक्षा ठेवू नये. इंदुरी शिकंजी म्हणजे आटवलेल्या दुधाचे, सुक्या मेव्याचे घट्ट पेय असते, आणि पुढे रात्रीचा प्रवास असताना, विशेषतः जो गाडी चालवणार आहे त्याने, ती न घेतलेली बरी. सराफ्यात सर्व काही शाकाहारी आहे, त्यामुळे सासूबाईंच्या दृष्टीने तो प्रश्न उरत नाही.

त्यांच्या उपवासाचे मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. सराफ्यात साबुदाण्याची खिचडी रात्री उशिरापर्यंत मिळते, परंतु ती आपल्या घरच्या खिचडीसारखी कढईत दाण्याचे कूट घालून परतलेली नसते. वाफेवर मोकळा शिजवलेला साबुदाणा मोठ्या पातेल्यात गरम ठेवलेला असतो. गिऱ्हाईक आले की त्यात मसाला, लिंबू, कोथिंबीर कालवतात आणि वरून चिवडा किंवा शेव घालतात. तिथल्या उपवासाचे नियम आणि आपल्याकडचे नियम एकच असतील असे गृहीत धरू नये. हळद, कोथिंबीर किंवा बेसनाची शेव यांपैकी काय चालत नाही ते सासूबाईंना आधी विचारून घ्यावे आणि विक्रेत्याला ‘फलाहारी’ हा शब्द वापरून, वरून काय घालायचे नाही ते कालवण्यापूर्वीच सांगावे. माझ्या आत्याच्या सासूबाई खिचडीऐवजी गराडूच्या साध्या तळलेल्या फोडी आणि घरून पुडीत नेलेले सैंधव मीठ यांवर एकादशी निभावत असत. कढईत आधी दुसरे काय तळले होते, ही चौकशीही त्या न चुकता करत.

मोटार सराफ्याच्या गल्लीपर्यंत नेण्याचा प्रयत्न करू नये. राजवाड्याच्या आसपासच्या वाहनतळावर ती उभी करून पाच-सात मिनिटे चालावे, हे सर्वांत सोयीचे पडते. बसायला जागा जवळजवळ नसतेच, म्हणून सासूबाईंना बंद पेढीच्या एखाद्या ओट्यावर बसवून पदार्थ त्यांच्यापर्यंत नेऊन द्यावेत. तिथे कोणी हटकत नाही. छप्पन दुकान या प्रसिद्ध ठिकाणाचा विचार आपल्या वेळेत करू नये, कारण ते मुख्यतः सकाळ-संध्याकाळचे ठिकाण असून आपण पोहोचाल तेव्हा तिथली आवराआवर झालेली असेल. दाल-बाफलाही रात्री शोधू नये: तुपात बुडवलेले बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, हे दुपारी जेवून ताणून देण्यासाठीचे अन्न आहे.

आता, घाटात किंवा टोलनाक्यावर अडकून आपण एक-दीडनंतर पोहोचलात तर काय करायचे? हाच इंदूरचा खरा अवघड काळ आहे आणि तो पहाटे पाचपर्यंत चालतो. सराफा आवरलेला असतो, घरपोच खाणे देणारी अॅप अर्धवट सुरू असतात, आणि मोठ्या तारांकित हॉटेलांतले कॉफी शॉप सोडले तर टेबलावर बसून गरम जेवण मिळणे कठीण असते. अशा वेळी रेल्वे स्थानक आणि त्याच्या जवळचे सरवटे बसस्थानक हा परिसर गाठावा. (हे नाव संविधान सभेचे सदस्य राहिलेले तात्यासाहेब सरवटे यांचे आहे, हे तिथे उतरणाऱ्या फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असते.) गाड्या येत-जात असल्यामुळे तिथे चहा आणि काहीतरी गरम बहुधा मिळून जाते, पूर्ण जेवण मिळेलच असे धरून चालू नये. दुसरा मार्ग म्हणजे शहरात न शिरता धुळे-सेंधव्याकडून येणाऱ्या महामार्गावरच, इंदूर यायच्या आधी, एखाद्या चालत्या ढाब्यावर जेवून घेणे. उशीर होणार असे सेंधव्यालाच दिसू लागले तर मी हाच मार्ग निवडेन, आणि सासूबाईंसाठी फळे व राजगिऱ्याचे लाडू नाशिकहूनच डब्यात घेईन.

उज्जैन इंदूरपासून सुमारे पंचावन्न किलोमीटर आहे. आरती पहाटे चारला सुरू होते आणि प्रवेशासाठी त्याच्या बरेच आधी रांगेत असावे लागते, म्हणून बारा-साडेबाराला सराफ्यातून उठून थेट निघणे योग्य. इंदूरमध्ये दोन तासांसाठी खोली घेणे म्हणजे पैसे आणि झोप दोन्ही वाया घालवणे आहे. आरतीची नोंदणी आगाऊ लागते, ती आपण केली असेलच असे धरतो.

दर्शन आटोपून सकाळी इंदूरला परत याल तेव्हा पोह्यांची वेळ झालेली असेल. हे पोहेही फोडणीला टाकून परतत नाहीत, तर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या परातीत वाफेवर गरम ठेवतात. वर जिरावण नावाचा तिकडचा मसाला, कांदा, शेव आणि बाजूला जिलेबी. सासूबाईंची द्वादशी असेल, म्हणजे पारणे तिथेच सोडता येईल; कांदा चालत नसेल तर ‘बिना प्याज’ असे सांगावे, त्यासाठी कोणी नाक मुरडत नाही. मराठी वस्तीच्या भागात उसळ-पोहेही मिळतात, आणि दोन्हींपैकी एकच खाण्याइतकी भूक उरली असेल तर मी उसळ-पोहे घेईन.