लिनक्स, फवारणीची वही आणि ‘ॲ’ची भानगड

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत लिनक्सचा एक प्रकार, टाकलंस, वाय-फाय चालेना म्हणून नेटवर सापडलेल्या दहा-बारा कमांड एकामागून एक मारल्यास, आणि आता आवाजही गेलाय. शिवाय प्रोग्रामिंग धड येत नसताना ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रोग्रामांवर, काम करता येतं का आणि नोकरीला त्याचा उपयोग होतो का, हेही विचारलंयस. माझ्याआधी उत्तरं दिलेल्या मंडळींचे चार कोर्स आणि सहा डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे प्रकार, सुचवून झालेत, त्यात मी भर घालत नाही. राग मानू नकोस, पण अख्ख्या प्रश्नात मला खटकलं ते ‘एकामागून एक मारल्या’. हा उद्योग मीही केलाय.

गोष्ट २०१० सालची. उबुंटूच्या सीड्या तेव्हा पोस्टानं फुकट घरपोच यायच्या. कागदी पाकिटातली १०.०४ ची एक सीडी मित्राकडून माझ्याकडे आली होती. दिवाळीच्या सुट्टीत दिंडोरी तालुक्यात घरी होतो. लॅपटॉप सेकंडहँड, बॅटरी मेलेली, म्हणजे लाईट गेली की हाही गेला. रात्री अकराला डाँगलवर १०.१० चं अपग्रेड लावलं आणि झोपलो. भारनियमनाचं वेळापत्रक स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी चिकटवलेलं होतं, पण ते बघायचं सुचलं नाही. पहाटे लाईट गेली. परत आल्यावर लॅपटॉप लावला तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग आणि शेवटी कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभा असलेला कर्नलच अडकून पडलेला.

सकाळच्या एसटीनं नाशिक गाठलं, सीबीएसला उतरून कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत गेलो. तासाचे पैसे भरून बसलो आणि तेव्हा लक्षात आलं, की पडद्यावर नेमकं काय लिहून आलं होतं ते मला सांगताच येत नाही. ‘कर्नल पॅनिक, असं काहीतरी.’ ‘असं काहीतरी’ शोधल्यावर जगातलं सगळं सापडतं. कुणी म्हणे ग्रब (मशीन चालू होताना लिनक्स उठवणारा प्रोग्राम) परत बसवा, कुणी म्हणे एफएसटॅब (कुठली डिस्क कुठं जोडायची याची यादी) बघा, कुणी म्हणे रॅम काढून खोडरबरानं पुसा. सगळं कागदावर उतरवून घरी आणलं आणि संध्याकाळी सीडीवरून मशीन उठवून तिन्ही प्रकार केले. एफएसटॅबमधला डिस्कचा तो लांबलचक क्रमांक काढून हातानं ‘एसडीबी-१’ लिहिलं. डिस्क होती एसडीए. म्हणजे आधी एक बिघाड होता, आता दोन झाले, आणि दुसरा माझा स्वतःचा.

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली, बागेत फवारण्यांचे दिवस. नाना रात्री ओट्यावर फवारणीची वही भरत बसले होते. निर्यातीची द्राक्षं असली की ही वही चुकवता येत नाही: तारीख, प्लॉट, औषध, लिटरला किती, काढणीआधी किती दिवस बंद. त्यांनी विचारलं, काय काय केलंस? मी सांगायला लागलो आणि क्रमच आठवेना. आधी ग्रब की आधी एफएसटॅब? नाना वहीतून मान वर न काढता म्हणाले, “एकदम तीन औषधं मारली तर भुरी कशानं गेली ते कळणार कसं? आन् नाही गेली तर कोणतं फेल गेलं?”

दुसऱ्या दिवशी त्याच वहीचं मागचं पान घेतलं. जे आठवत होतं ते उलट्या क्रमानं एकेक मागे घेतलं, दरवेळी मशीन परत चालू केलं, आणि पडद्यावरची ओळ जशीच्या तशी उतरवली, विरामचिन्हांसकट. एफएसटॅब मूळ पदावर आल्यावर पहिला बिघाड एकटा उरला आणि तो सोपा निघाला. नवा कर्नल बसला होता, पण चालू होताना त्याला लागणारी सुरुवातीची छोटी फाइल, इनिटरॅमएफएस, तयार व्हायच्या आत लाईट गेली होती. चालू करताना शिफ्ट दाबून ठेवलं की ग्रबची यादी येते. त्यातून जुना कर्नल निवडला, रिकव्हरीत शिरलो, अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी करायची डीपीकेजीची (उबुंटूत प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाची) एक कमांड दिली. चाळीस मिनिटांत मशीन उभं.

तुझ्या बाबतीत एक बरं आहे, तुझी वही तुझ्या मशीननं थोडीफार लिहून ठेवलीय. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड मारतोस त्या खिडकीत, नुसतं ‘हिस्ट्री’ (history) टाईप केलंस तर मारलेल्या कमांड क्रमानं दिसतील. ‘व्हार’मध्ये ‘लॉग’, त्यात ‘एपीटी’ या फोल्डरात हिस्ट्री नावाचीच फाइल असते, तिच्यात कुठल्या तारखेला काय बसलं आणि काय उडालं ते वेळेसकट सापडेल. आवाज नक्की कुठल्या कमांडनंतर गेला ते तिथं कळेल. आता एकेक मागे घे. घाई झाली की सगळं पुसून नव्यानं टाकावंसं वाटतं, आणि तो मार्ग चुकीचा नाही, पण मग हातात काही लागत नाही.

आता ओपन सोर्स. मी पहिल्यांदा शिरलो तो प्रोग्रामच्या पडद्यावरच्या वाक्यांच्या भाषांतरातून, कारण कोड येत नव्हता आणि मराठी येत होतं. भाषांतर म्हणजे सोपं काम, असं वाटलं होतं. मूळ वाक्य होतं, अमुक फोल्डरमध्ये तमुक फाइल उघडता आली नाही, अशा अर्थाचं. नावांच्या जागी ‘टक्का-एस’ (%s) अशी खूण दोनदा. इंग्रजीत फाइल आधी येते, फोल्डर नंतर. मी मराठी वाक्यरचनेप्रमाणे फोल्डर आधी आणला आणि खुणा तशाच ठेवल्या. प्रोग्रामला मराठी कळत नाही, तो नावं मूळ क्रमानंच भरणार. म्हणजे पडद्यावर फाइलच्या पोटात फोल्डर! तपासणाऱ्यानं दोन ओळींत परत पाठवलं: खुणांना क्रमांक देता येतात, ते दे. तेव्हा कान लाल झाले. पण तपासणारा हा माणूस मला ओळखत नव्हता, मी कुठल्या कॉलेजचा हे त्यानं विचारलं नाही, आणि माझी चूक माझ्या सरांपेक्षा नीट समजावून सांगितली.

खरं काम मात्र नाशिकच्या एका लहान वाचनालयात झालं. मी शनिवारी सकाळी तिथल्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकून द्यायला जायचो, पुस्तकांची यादी एका छोट्या मुक्त प्रोग्राममध्ये भरायची होती. भरणाऱ्या दोन ताई, दोघींचे कीबोर्ड वेगळे. एक दिवस एक आजोबा ॲरिस्टॉटलवरचं पुस्तक मागायला आले. ते कपाटात होतं, यादीत होतं, शोधलं की सापडत नव्हतं. मी घरी जाऊन तो प्रोग्राम बनवणाऱ्यांकडे तक्रार नोंदवली: “मराठी शोध चालत नाही.” चार दिवसांत ती बंद झाली, शेरा असा की आमच्याकडे चालतो. मी चिडलो. ओपन सोर्सवाल्यांना मराठीची पडलेली नाही वगैरे भाषणही मित्रांना मिसळीच्या टेबलावर ऐकवलं.

मग पुढच्या शनिवारी वही काढली. एका ताईंच्या कीबोर्डवरून ‘ॲ’ हे एकच अक्षर पडत होतं, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, त्याचा क्रमांक ०९७२. दुसऱ्या ताईंच्याकडून आधी ‘अ’, म्हणजे ०९०५, आणि त्यावर चंद्र, ०९४५. डोळ्यांना फरक दिसत नाही, मशीनला मात्र हे दोन वेगळे शब्द. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये आलंच २००८ साली, त्याआधी लोक अ-वर-चंद्र असंच लिहायचे, त्यामुळे जुना मजकूर सगळा त्या पद्धतीचा. आणि मेख अशी, की युनिकोड या दोन लिखाणांना अधिकृतपणे समान मानत नाही. त्यामुळे मजकूर एकसारखा करून घेण्याच्या नेहमीच्या पद्धतीनंही ती एक होत नाहीत.

दुसरी तक्रार लिहिली. अमुक आवृत्ती, तमुक कीबोर्ड, ही दोन अक्षरं, हे त्यांचे क्रमांक, पहिलं टाईप करून दुसरं शोधा, काय व्हायला हवं, काय होतं. त्याच रात्री उत्तर आलं: हे आम्हाला माहीतच नव्हतं, अशा जोड्यांची यादी देशील का? मी दिली. चंद्राचा ‘ॲ’, आणि ‘ऱ्या’मधल्या आडव्या र-ची दोन लिखाणं, तीही तशीच वेगवेगळी निघतात. शोधण्याआधी एकाचं दुसरं करून घ्यायचं, एवढाच बदल. कोड अकरा ओळींचा होता आणि त्यातल्या सात त्यांनीच सुधारल्या. माझं नाव लागलं. आजोबांना पुस्तक त्याआधीच हातानं शोधून दिलं होतं, हे वेगळं.

म्हणून ‘कोड येत नाही, मी काय करू’ याला माझं उत्तर एवढंच, की तुला जे खुपतंय ते नीट लिही. मराठीत रोज मशीन वापरणारा माणूस ज्या खड्ड्यात पडतो तो खड्डा बाहेरच्या प्रोग्रामरला दिसतच नाही.

टी-शर्टसाठी मात्र येऊ नकोस. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरात ओपन सोर्सला बदल पाठवण्याच्या उपक्रमात २०२० साली शर्ट मिळावा म्हणून लोकांनी एकेक शब्द बदलून इतके बदल पाठवले, की आयोजकांना नियम बदलून स्वतःहून होकार दिलेल्या प्रकल्पांपुरतंच ते ठेवावं लागलं. आपल्याकडची पोरंही त्यात मागे नव्हती, उगाच कशाला लपवायचं.

आणि उत्तर आलं नाही तर तीन दिवसांनी ‘काही अपडेट?’ असं टोचू नकोस. पलीकडे बहुतेक वेळा एकटा माणूस असतो, नोकरी सांभाळून हे करणारा. मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण वाच. जवळपास सगळ्या लिनक्सवर असलेली फाइल आकारानं लहान करणारी लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात असा तयार कोड), सांभाळणारा मुख्यतः एकच. तो थकलाय म्हटल्यावर काही ऑनलाइन खात्यांवरून त्याच्यावर दबाव आला, मदतीला आलेल्या एकानं दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि शेवटी त्यात चोरवाट घातली. पकडली ती आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनं, का, तर त्याच्या मशीनवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि त्याला ते खटकलं. एवढंसं खटकलेलं त्यानं सोडलं नाही.

नोकरीचं विचारलंयस. मला पहिल्या मुलाखतीत गुणांबद्दल दोन मिनिटं विचारलं आणि त्या ‘ॲ’वर वीस मिनिटं. सगळीकडे असं होईल असं नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आयटी सांभाळायला गेलास तर तिथं ‘सर्व्हर बंद पडला तर किती वेळात उभा करशील’ एवढंच विचारतील. गुगल समर ऑफ कोड या गुगलच्या ओपन सोर्स उपक्रमासाठी विद्यार्थी असण्याची अट २०२२ पासून नाही, तेव्हा पदवीच्या आत मिळालंच पाहिजे असा जीव काढू नकोस.

प्रयोगाला वेगळं मशीन घे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा पाठिंबा संपला आणि बरेच जुने लॅपटॉप ११ च्या अटींत बसत नाहीत. ओळखीत विचारलंस तर एखादा धूळ खात पडलेला मिळेल. कॉलेजचे प्रोजेक्ट असलेल्या मशीनवर खेळ नको.

वाय-फायचं आता बघू. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड ‘एनएनके’ जोडून (lspci -nnk) दे. नेटवर्कवाल्या कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आहे का बघ. नसेल तर ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, लागलेलाच नाही. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट चालू आहे का तेही सांग, सही नसलेला ड्रायव्हर ते आत येऊ देत नाही. त्या ओळी फोटो न काढता कॉपी करून इथं टाक. आणि तोवर बाराव्यानंतर तेरावी कमांड मारू नकोस.