पोहे सोडू का, ताई?

प्रश्न: ताई, वय ४८, राहणार इंदूर. मागच्या महिन्यात चेकअपमध्ये शुगर निघाली, उपाशीपोटी १५२ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ७.८. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिली, म्हणाले खाण्यावर कंट्रोल ठेवा, आणि लगेच पुढच्या पेशंटला बोलावलं. आता घरात रोज नवा कायदा. बायकोने भात-बटाटा बंद केला, आई म्हणते साखर नको तर गुळाचा चहा घे. सगळं ऐकतोय, पण इंदुरात राहून पोहे कसे सोडू? आणि एकादशीचं काय?

उत्तर: दादा, आधी गुळाचं मिटवू. रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर एकच, आईंना वाईट वाटलं तरी चहा बिनसाखरेचाच घ्यायचा, थोडे दिवस तोंड वाकडं होईल मग सवय लागते.

आता पोहे. पोहे म्हणजे शेवटी चपटा केलेला तांदूळच, पण तुमची रविवारची प्लेट आठवा, वाफाळते पोहे, वर मूठभर शेव, जीरावन मसाला, कांदा, शेजारी कागदावर दोन जिलेब्या आणि वरून गोड चहा, मग एकट्या पोह्यांना कशाला फाशी द्यायची? जिलेबी मैदा आणि पाकाची, ती सुटलीच असं समजा. शेवेत तेल-मीठ फार, चिमूटभर पुरे. ठेल्यावर उसळ-पोहे मागा आणि सरळ सांगा, उसळ जास्त पोहे कमी, कडधान्यात प्रोटीन आणि फायबर असतं म्हणून शुगर हळू चढते. घरी करताना जेवढे पोहे तेवढाच मटार, गाजर, फरसबी, वर शेंगदाणे.

भातही बंद नको, जागा ठरवा. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ, उरलेल्या पावात पोळी किंवा भात. किंवा, बरं का! आपल्याकडे तीन पोळ्या झाल्यावर "शेवटचा थोडा भात" येतो ना, खरी गडबड तो करतो.

एकादशीला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा घातला की विचारूच नका. दही, काकडी, शेंगदाणे, पनीर यावर दिवस काढा. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा फार खाली जात नाही, पण पुढे ग्लिमेपिराइडसारखी, शुगर फार खाली नेऊ शकणारी गोळी जोडली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका. घाम, थरथर सुटली आणि शुगर ७० च्या खाली दिसली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घोळून प्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायची, तेव्हा एकादशी मोडली तरी चालेल.

आणि एक ग्लुकोमीटर घ्याच. एका रविवारी ठेल्यावरचे पोहे, दुसऱ्या रविवारी घरचे, दोन्ही वेळा पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा, साधारण १८० च्या आत यायला हवी. आकडे वहीत लिहा आणि पुढच्या वेळी पुढचा पेशंट आत यायच्या आधी ती वही डॉक्टरांसमोर उघडून ठेवा.