इंडक्शन घेण्याआधी प्लग बघा

ताई, इंडक्शनची शेगडी कोणती घ्यायची ते नंतर ठरवा, आधी स्वयंपाकघरातला प्लग बघा. 2000 वॅटची शेगडी 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर करंट ओढते. 6 अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर ती लावूच नका. 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. घर जुनं असेल तर यात अजिबात चालढकल नको.

शेगडीच्या काचेखालच्या कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, करंट फार वेगाने दिशा बदलतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्राने भांड्याच्या बुडातच करंट तयार होतो आणि बूड तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. चुंबक चिकटणाऱ्या बुडातच हे नीट होतं, म्हणून साधं ॲल्युमिनियम, तांबं, पितळ चालत नाही. बुडाला चुंबक घट्ट चिकटला, की भांडं चालेल.

भाकरीचं स्पष्ट सांगते, जाळावर फुगवायची सोय इथे नाही. आपली सोलापुरी कडक भाकरी सपाट लोखंडी तव्यावर मंद आचेत वाळवता येते, खोलगट तवा मात्र नको. माझं ऐकाल तर गॅस ठेवाच.

आपल्याकडचा मे महिना माहीत आहेच, शेगडीला हवा लागते, ती भिंतीला चिकटवू नका. स्वयंपाक झाल्यावर शेगडीच्या आतला पंखा थांबल्याशिवाय भिंतीवरचं बटण बंद करू नका. घरात कुणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.