पटायातला बार विकत घेण्याआधी

प्रिय मित्रास,

अनेक आशीर्वाद. थायलंडमधल्या पटायात, सोई बुआखाओ या रस्त्याजवळचा एक चालू बार 18 लाख बाटना (बाट म्हणजे तिथले चलन) मिळतो आहे आणि ही किंमत म्हणजे ‘फक्त एका वर्षाचा नफा’ आहे असे विकणारा म्हणतो, हे तुझ्या पत्रातून समजले. किंमत वाजवी आहे की नाही एवढेच तू विचारले आहेस. पण त्या पैशांत तुझ्या हाती नेमके काय पडणार, हे आधी पाहिले पाहिजे. इमारत तुझी होणार नाही आणि जमीन तर नाहीच. खुर्च्या, फ्रीज, स्पीकर आणि पूल टेबल ही वापरलेली चीजवस्तू आहे. उद्या विकायला काढलीस तर तिचे फारसे काही येणार नाही. म्हणजे उरतात ते भाडेकराराचे शिल्लक महिने आणि त्या महिन्यांत होऊ शकणारी कमाई. अशा बारचे मूल्य याच दोन गोष्टींवर ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सजावटीवर आपण किती खर्च केला हे विकणारा वारंवार सांगेल, परंतु त्याने केलेला खर्च ही त्याची अडचण आहे, तुझी नव्हे.

म्हणून पहिला कागद भाडेकराराचा माग. थाई नागरी व व्यापारी संहितेप्रमाणे तीन वर्षांहून अधिक मुदतीचा करार भूमी कार्यालयात नोंदवलेला नसेल, तर तो तीन वर्षांपुरताच अमलात आणता येतो. नोंदणी असली तरी कमाल मुदत 30 वर्षे आहे. बारच्या गाळ्यांचे करार बहुधा अल्प मुदतीचे असतात आणि विक्रीच्या वेळी ‘तीन अधिक तीन अधिक तीन’ अशी नऊ वर्षांची भाषा केली जाते. त्यातली फक्त पहिली तीन वर्षे भक्कम समज. पुढच्या सहा वर्षांचे नूतनीकरण हे गाळामालकाचे वचन असते. इमारत विकली गेली तर नव्या मालकाला चालू मुदत पाळावी लागते, पण जुन्याने दिलेल्या वचनाने तो सहसा बांधला जात नाही. शिवाय नूतनीकरणाच्या वेळी गाळामालक पुन्हा ‘की मनी’, म्हणजे पागडी, मागू शकतो, आणि ती किती असेल हे करारात लिहिलेले नसेल तर तुझा धंदा जितका चांगला चालेल तितकी ती वाढेल. विकणारा स्वतः मूळ भाडेकरू आहे की पोटभाडेकरू, हेही तपास. मालकाच्या संमतीवाचून करार दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तेव्हा मालकाला स्वतः भेट, जमिनीच्या कागदावरचे नाव आणि करारावरची सही एकाच व्यक्तीची आहे ना हे पाहा, आणि शक्य असेल तर जुन्या कराराचा उरलेला तुकडा न घेता तुझ्या नावाने नवा करार करून घे.

आता ‘एका वर्षाच्या नफ्याचा’ हिशेब करू. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे महिना दीड लाख बाट नफा, गुणिले बारा, म्हणजे 18 लाख. गुणाकार बरोबर आहे. चूक आहे ती दीड लाखाचा महिना बाराही वेळा मोजण्यात. पटायात पर्यटकांची खरी गर्दी नोव्हेंबर ते फेब्रुवारी असते. एप्रिलमधले सोंगक्रानचे, म्हणजे थाई नववर्षाचे, दिवस सोडले तर पुढचे महिने मंद जातात आणि पावसाळ्यात कित्येक बार कसेबसे भाडे काढतात. समजा, हंगामाचे चार महिने दीड-दीड लाख मिळतात आणि उरलेले आठ महिने वीस-वीस हजार. वर्षाचे झाले 7 लाख 60 हजार. यातून महिना 35 हजार पगाराचा व्यवस्थापक वजा कर. तू म्हणशील, मी स्वतःच गल्ल्यावर बसेन. पण तुझ्या श्रमाला काही किंमत नाही असे धरून काढलेला आकडा हा धंद्याचा नफा नसतो, आणि परदेशी माणसाला परवान्याविना काउंटरमागे उभे राहणेसुद्धा किती महाग पडू शकते ते पुढे येईलच.

तुझ्या पत्राप्रमाणे करार अठरा महिने उरला आहे. ताबा 1 नोव्हेंबरला मिळाला तर त्या अठरा महिन्यांत दोन पूर्ण हंगाम येतात आणि वरच्या आकड्यांनी, व्यवस्थापकाचा पगार वजा जाता, 7 लाख 70 हजार हाती राहतात. तोच बार, तोच करार, तेवढेच महिने, पण ताबा 1 मार्चला मिळाला तर हंगाम एकच येतो आणि शिल्लक अडीच लाखांवर उतरते. मागितलेले 18 लाख तर दोन्ही हिशेबांत कुठेच बसत नाहीत. आकडे मी कल्पून घेतले आहेत; तू खरे आकडे घालून हीच आकडेमोड कर, आणि घातलेली रक्कम शिल्लक मुदतीच्या निम्म्या काळात परत येत नसेल तर त्या किमतीला हात लावू नकोस. निम्मा काळ अशासाठी की उरलेल्या निम्म्यात दुरुस्ती, भाडेवाढ आणि अनपेक्षित बंदी यांचीही सोय व्हायला हवी. 2021च्या एप्रिलमध्ये साथीमुळे बंद झालेल्या बारना अधिकृतपणे बार म्हणून पुन्हा उघडायला 1 जून 2022 उजाडला, आणि त्या काळात भाड्याचे काय करायचे याविषयी ज्यांच्या करारात एक ओळही नव्हती त्यांना सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर राहावे लागले. ती ओळ तू लिहून घे.

खरे आकडे मिळवणे सोपे नाही, कारण हा रोखीचा धंदा आहे आणि विकणारा अनेकदा दोन वह्या ठेवतो: एक कर खात्याला दाखवायची आणि एक तुला दाखवायची. दोन्ही बाजूला ठेव आणि जे कागद बाहेरच्यांनी तयार केले आहेत ते माग: बिअर आणि मद्य पुरवठादारांची चोवीस महिन्यांची बिले, विजेची बिले, भाड्याच्या पावत्या, बँकेचे उतारे. किती खोके बिअर आली यावरून किती बाटल्या विकल्या गेल्या असतील हे काढता येते, आणि सांगितलेली विक्री त्या संख्येत मावत नसेल तर अधिक पुरावा लागत नाही. ‘लेडी ड्रिंक’ची, म्हणजे गिऱ्हाइकाने बारमधल्या कर्मचारी स्त्रीसाठी घेतलेल्या पेयाची, रक्कम पूर्ण उत्पन्नात धरली आहे का हेही पाहा, कारण तिचा मोठा भाग कर्मचारी स्त्रियांना द्यायचा असतो. ‘बार फाइन’चे, म्हणजे कर्मचारी स्त्रीला बाहेर नेण्यासाठी गिऱ्हाईक बारला देते त्या रकमेचे, उत्पन्न दाखवले असेल तर ते शून्य समज, आणि त्या बारचा विचारच सोडून दे असे मी सुचवीन. 1996च्या वेश्याव्यवसायविरोधी कायद्यात अशा व्यवसायाच्या मालकाला व व्यवस्थापकाला 3 ते 15 वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. ‘इथे सगळेच करतात’ हे वाक्य तुला शंभरदा ऐकवले जाईल. ते ऐकवणारा खटल्याच्या वेळी तुझ्या शेजारी उभा नसेल.

मालकीच्या रचनेतही तेच वाक्य ऐकू येते. खाद्यपेयांची विक्री 1999च्या परदेशी व्यवसाय कायद्याच्या तिसऱ्या यादीत येते, त्यामुळे परवानगीवाचून परदेशी बहुमताच्या कंपनीला बार चालवता येत नाही. थाई भागधारकांकडे 51 टक्के असावे लागतात. यावर तोडगा म्हणून नावापुरते भागधारक पुरवणारे लोक भेटतात. परदेशी माणसासाठी नुसते नाव वापरू देणे हा त्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. देणारा आणि घेणारा दोघांनाही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख ते दहा लाख बाट दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विकणारा बारबरोबर आपली कंपनीही देऊ करत असेल, तर तिच्यातील असे भागधारक, थकलेला कर आणि सामाजिक सुरक्षेची न भरलेली वर्गणी हे सारे तुझ्याकडे येते. शक्यतो नुसती मालमत्ता घे, कंपनी नको. तुला स्वतः काम करायचे असेल तर वर्क परमिट लागेल आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे एका परदेशी व्यक्तीमागे 20 लाख बाट भरणा भांडवल व चार थाई कर्मचारी दाखवावे लागतात. हा खर्च विक्रीच्या जाहिरातीत कधीच नसतो.

परवान्यांपैकी मद्यविक्रीचा परवाना तुझ्या नावाने नव्याने काढावा लागेल, ते फार अवघड नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. 15 डिसेंबर 2023पासून बँकॉक, फुकेत, चियांग माई, चोनबुरी आणि कोह सामुई इथे पहाटे चारपर्यंतची मुभा मिळाली, पण ती 1966च्या कायद्याखाली करमणुकीचे स्थळ म्हणून परवाना असलेल्यांना. पुष्कळ बार केवळ रेस्टॉरंट म्हणून नोंदलेले असतात आणि त्यांची उशिरापर्यंतची कमाई हा हक्क नसून चालवून घेतलेली गोष्ट असते. ऑगस्ट 2022मध्ये चोनबुरी प्रांतातच, म्हणजे पटाया ज्यात येते त्याच प्रांतात, ‘माउंटन बी’ या ठिकाणी आग लागून अनेकांचे प्राण गेले. तेही रेस्टॉरंट म्हणून नोंदलेले आणि नाइटक्लब म्हणून चालणारे होते. अशा घटनेनंतर तपासण्या कडक होतात, तेव्हा रात्री बारानंतरची विक्री वेगळी काढून ती वजा जाता बार तगतो का, हे पाहा. संकटकाळी बाहेर पडायची दुसरी वाट आहे का हे मात्र पैशांच्या हिशेबापलीकडचे आहे. ती नसेल तर बार घेऊ नको.

राहिली ती माणसे. गिऱ्हाइके बारला बांधलेली नसतात, ती मालकाशी आणि व्यवस्थापक बाईंशी बांधलेली असतात, आणि विकणाऱ्याने दोन गल्ल्या सोडून नवा बार काढला तर महिन्याभरात ती तिकडे जातात. त्याच परिसरात ठरावीक काळ बार न काढण्याची अट करारात घाल, आणि केवळ अटीवर न विसंबता किमतीचा तिसरा हिस्सा सहा महिने राखून ठेव. याला तो तयार नसेल तर त्याचा पुढचा बेत काय असावा याचा अंदाज तुला येईल. बार पाहायला शनिवारी रात्री जाऊ नकोस. ऑगस्ट-सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारी, न कळवता, रात्री दहा वाजता जा आणि बार बंद होईपर्यंत बस. स्टुलांवर बसलेल्यांपैकी पैसे देऊन पिणारे किती आणि मालकाचे मित्र किती, हे तेवढ्यात कळते.

इसार म्हणून 50 हजार लगेच पाठवायला सांगितले आहे, ते तूर्त पाठवू नकोस. भाडेकराराची थाई प्रत, तू स्वतः नेमलेल्या वकिलाकडून केलेले तिचे भाषांतर आणि पुरवठादारांची बिले माझ्याकडे पाठव. विकणाऱ्याने सुचवलेला वकील घेऊ नकोस. हे कागद द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर 18 लाखांवर घासाघीस करण्यात वेळ न घालवता दुसरा बार शोधू.

तुझा हितचिंतक