घरात हुशार, रंकाळ्यावर बहिरा

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर आठ महिन्यांचा आहे. घरात ‘बस’, ‘थांब’, ‘शेकहँड’ सगळं करतो, पाहुणे खूश होतात. पण संध्याकाळी रंकाळा तलावावर नेलं की भेळेच्या गाड्यांकडे ओढत नेतो. परवा पट्टा हातातून सुटला, तर हाका मारून मारून घसा बसला, तरी वळूनसुद्धा बघितलं नाही. हा मुद्दाम करतो का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मुद्दाम काही करत नाही हो. त्याला तुमच्या हॉलमधलं ‘बस’ येतं, रंकाळ्यावरचं येत नाही. कुत्रं जे शिकतं ते जागेसकट शिकतं. तीच फरशी, तोच सोफा, तुमच्या हातातला तोच खाऊचा डबा. जागा बदलली की धडा जवळजवळ पहिल्यापासून. आणि तुम्ही त्याला हॉलमधून उचलून थेट चौपाटीवर नेलंत, तेही ऐन भेळेच्या वेळेला! टाकीत पोहायला शिकलेल्या पोराला पुराच्या पंचगंगेत ढकलण्यातली गत.

मधल्या पायऱ्या घाला. हॉल झाला की गच्ची, मग जिना, मग सकाळची रिकामी गल्ली. (दुपारची नको, उन्हाळ्यात डांबर तापतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघा, तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.) रंकाळा त्यानंतर, आणि तोही पहाटे, गर्दीपासून लांब. किती लांब, ते कुत्रंच सांगतं. हातातला खाऊ नाकापाशी नेऊनही तो घेत नसेल, तर तुम्ही फार जवळ गेलात. मागं या. खाऊ घेतला, तुमच्याकडे बघितलं, की तिथंच शिकवा. गाड्यांजवळ पुढच्या आठवड्यात चार पावलं जास्त जा.

‘थांब’ला तीन गोष्टी असतात: किती वेळ, किती अंतरावर आणि आजूबाजूला किती गडबड. एका वेळी एकच वाढवायची. गडबड वाढली की वेळ आणि अंतर पुन्हा कमी करायचं. लोक तिन्ही एकदम वाढवतात आणि मग ‘आमचा कुत्रा हट्टी आहे’ म्हणतात. शिवाय ‘थांब’चं बक्षीस तो जिथं थांबलाय तिथं जाऊन द्या. दरवेळी लांबून हाक मारून खाऊ दिलात, तर तो थांबायचं सोडून तुमच्या हाकेची वाट बघत अर्धवट उठून बसतो.

आता हाकेचं. माझ्या मते घरच्या कुत्र्याला एकच गोष्ट पक्की यायला हवी असेल तर ती ‘ये’. शेकहँड नाही आला तरी काही बिघडत नाही. ‘ये’ म्हटल्यावर आलेल्या कुत्र्याचं आपल्याकडे काय होतं ते आठवा: पट्टा अडकवला, घरी चला. नाहीतर आंघोळ. नाहीतर उशिरा आलास म्हणून फटका. मग कशाला येईल? काही दिवस असं करा: हाक मारायची, आला की उत्तम काहीतरी द्यायचं आणि ‘जा, खेळ’ म्हणून परत सोडायचं. आंघोळीला न्यायचं असेल तेव्हा हाक मारू नका, स्वतः जाऊन घेऊन या.

बाहेर तीसेक फुटांची सुताची दोरी लावा, पण गळ्यातल्या पट्ट्याला नाही, छातीवरच्या हार्नेसला. पळता पळता दोरी ताणली तर झटका मानेला बसता कामा नये. हाक एकदाच मारा. आला नाही तर ओरडत पुढं धावू नका, उलट त्याला दिसेल असं मागं पळा. बहुतेक पिल्लं पाठलागाच्या मोहानं येतातच. आला की लगेच खाऊ आणि शाबासकी. बक्षीस एक-दोन सेकंदात मिळालं तरच त्याला समजतं ते कशाचं आहे. तुम्ही खिशात पिशवी चाचपत बसलात, तोवर त्यानं जमीन हुंगली असेल आणि बक्षीस हुंगण्याचं झालं असेल.

प्रश्न : शेतावर दोन वर्षांचा कारवान जातीचा कुत्रा आहे. गावात सगळे म्हणतात, या जातीला शिकवून उपयोग नाही, ती फक्त पळायची. ससा दिसला की हा बांध ओलांडून गायब.
– गडहिंग्लज

उत्तर : गावातल्या मंडळींना सांगा, कारवानलाच मुधोळ असंही म्हणतात, आणि मुधोळांना लष्करानं मेरठच्या केंद्रात शिकवलंय. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यातही मुधोळ आहे. शिकतात, पण लॅब्रॅडॉरसारखे खाऊसाठी दिवसभर मागं फिरत नाहीत. एकच गोष्ट चार-पाचदा करून घेतली की कंटाळून तोंड फिरवतात. तेवढ्यात थांबायचं.

हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. पळणारी वस्तू दिसली की पाय आधी निघतात. म्हणून पळणं हेच बक्षीस करा. वेळूच्या काठीला दोरी, दोरीच्या टोकाला जुन्या सुती धोतराची चिंधी. चिंधी जमिनीवर गरागरा फिरवायची, मध्येच थांबवायची. ‘बस’ म्हणा. सुरुवातीला तो चिंधीकडे बघत थरथरत उभा राहील. वाट बघा, शब्द परत म्हणू नका. ढुंगण टेकलं त्या क्षणी ‘घे!’ आणि चिंधी पळवा. पकडली की खेचाखेची करू द्या, मग नाकाशी खाऊ धरून ‘सोड’. हे जमलं की ऐन जोरात असताना थांबायचं त्याला सवयीचं होतं. ससा दिसल्यावर ओरडून हे शिकवता येत नाही.

तीस फुटी दोरी मात्र याला नको. एवढ्या वेगात ती संपली तर हार्नेस असूनही इजा होते. आखूड दोरी, नाहीतर चारी बाजूंनी बंद आवार. आणि सशाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा ‘जातीचा गुण’ म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : रविवारी मटण शिजलं की आमचा टॉमी ताटावर झेप घेतो. काय करावं?
– आजी, शिवाजी पेठ

उत्तर : आजी, आधी घरात कोण गुपचूप तुकडा टाकतंय ते शोधा. बहुधा आजोबा. रोज मिळण्यापेक्षा कधीतरी मिळणारं खाणं जास्त घट्ट सवय लावतं. दहा रविवारांत एकदा जरी तुकडा पडला, तरी तो उरलेले नऊ रविवार झेप घेणार.

गोणपाटाचा एक तुकडा घ्या. आधी मटण नसलेल्या दिवशी त्यावर खाऊ टाका, चारही पाय त्यावर आले की ‘जागेवर’ म्हणून आणखी एक द्या. मग तुम्ही रिकामं ताट घेऊन बसा आणि खाऊ गोणपाटावरच द्यायचा. पुढच्या वेळी ताटात नुसती भाकरी. रस्सा शेवटी.

त्याच्यासाठी चार तुकडे फोडणीआधी, मिठाशिवाय उकडून बाजूला काढा. हरभऱ्याएवढे कापा, पोट भरलं की शिकण्यात रस राहत नाही. तांबडा-पांढरा रस्सा त्याच्या ताटलीत नको. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेलं हाडही नको, त्याच्या टोकदार ढलप्या होऊन आतड्यात रुततात. रंगीत भडंगही नको, साधे फुटाणे चालतील.

प्रश्न : नऊ वर्षांच्या जर्मन शेफर्डला आता काही शिकवता येईल का? ऐकूही कमी येतं.
– कसबा बावडा

उत्तर : येईल. हाताच्या खुणा शिकवा, बहुतेक कुत्री तशीही शब्दाआधी हात बघतात. तळहात वर केला की बस, समोर धरला की थांब. मागून हात लावून दचकवू नका, आधी त्याच्या नजरेत या. ऊठ-बस पुन्हा पुन्हा करून घेऊ नका, या जातीचं मागचं कंबरडं वयात दुखतं. बसताना एका अंगावर कलत असेल तर आधी पशुवैद्यांना दाखवा, शिकवणं मग.