दिवसभर घराला कुलूप, मग पार्सल घ्यायचं कोणी?

या वेळी इनबॉक्स उघडला तर बघावं तिकडे पार्सलच पार्सल. सणाच्या सेलचा परिणाम असणार. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे वाटले ते प्रश्न एकत्र केलेत आणि पाच घेतलेत.

प्रश्न : ताई, मी आणि मिस्टर दोघंही नोकरीला, ते बीकेसीला मी फोर्टला. सकाळी पावणेआठच्या लोकलने निघतो ते घरी यायला रात्रीचे साडेआठ. डिलिव्हरीवाला फोन करणार बरोब्बर दुपारी, तेव्हा मी मीटिंगमधे, आणि उचलला तरी सांगणार काय? आधी समोरच्या आजी घ्यायच्या पण आता त्यांचे गुडघे दुखतात, आणि परवा त्यांच्या सुनेने जरा तोंड वाकडं केलं असं मला वाटलं. वॉचमनकडे ठेवावं तर मागे कुणाचं तरी पार्सल हरवलं तेव्हापासून कमिटीने ते बंदच केलंय. ऑनलाइन मागवणंच सोडू का?
— एक वाचक, डोंबिवली पूर्व

सोडू नका हो, पण आजींना आता सोडा. सुनेने तोंड वाकडं केलं असं वाटलं ना, मग केलंच असणार. आठवड्याला एखादं पार्सल असेल तर शेजारधर्म, तीन-चार असतील तर ती ड्यूटी झाली आणि तीही बिनपगारी. आजींकडे फक्त अडीअडचणीला जायचं, तेही आदल्या दिवशी विचारून, "आजी उद्या दुपारी घरी आहात का" एवढं विचारलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आता मुख्य मुद्दा. आपण मागवताना किंमत बघतो, रिव्ह्यू बघतो, कूपन लावतो आणि पत्ता मात्र जो आपोआप येतो तोच ठेवून देतो. पार्सल कुठे उतरणार हे पैसे भरायच्या आधी ठरवायचं, तो दारात उभा राहून फोन करतो तेव्हा नाही. लहान, न फुटणारं, बॅगेत मावणारं सामान ऑफिसच्या पत्त्यावर. मोठं काही असेल, कुकर, गादी, पंखा, ते घरी आणि रविवारी, कारण संध्याकाळी सीएसएमटीहून पंख्याचा खोका घेऊन लेडीज डब्यात चढलात तर कल्याणपर्यंतच्या बायका तुमचा उद्धार करतील. ऑफिसात आधी ॲडमिनला विचारून घ्या, बऱ्याच कंपन्यांत आता खासगी पार्सल रिसेप्शनला ठेवूच देत नाहीत, गेटवर जाऊन घ्यावं लागतं.

ॲपमधे दोन्ही पत्ते वेगवेगळे सेव्ह करा. ॲमेझॉनवर पत्त्याखाली डिलिव्हरीच्या सूचना द्यायची जागा असते तिथे हे घर आहे का ऑफिस आणि शनिवार-रविवार चालेल का ते सांगता येतं, ते कुणीच भरत नाही. ऑफिसच्या पत्त्यावर शनिवारी आलेलं पार्सल परत गेलं की मग आपण त्या पोराला बोल लावतो, त्याला काय माहीत तुमचा फाइव्ह डे वीक आहे! आणि पैसे भरायच्या आधी "या तारखेला मिळेल" असं लिहिलेलं असतं ते नीट वाचा, मंगळवार दिसत असेल आणि घाई नसेल तर चार-पाच दिवस थांबून मागवा, म्हणजे शनिवार-रविवारी पडेल. चार वस्तू चार दिवशी मागवण्यापेक्षा कार्टमधे साठवून एकदम मागवल्या तर बेल पण कमी वेळा वाजते, आणि खरं सांगू, साठवलेल्यातलं निम्मं नंतर नकोसं वाटतं. पत्ता टाकताना जवळचा पिकअप पॉइंट दाखवतोय का तेही बघा. स्टेशनच्या रस्त्यावरचं एखादं दुकान निघालं तर येताना उचलायचं, विषय संपला.

पिनकोडही एकदा तपासा. डोंबिवली पूर्वेचा ४२१२०१ आणि पश्चिमेचा ४२१२०२, एक आकडा चुकला की पार्सल रुळाच्या पलीकडच्या हबला जातं आणि मग दोन दिवस इकडून तिकडे.

आता वॉचमन. कमिटीने बंद केलं ते रागाने नाही, भीतीने केलंय, हरवलं तर भरून कोण देणार ही भीती. त्यामुळे मीटिंगमधे "चालू करा" एवढंच म्हणून उपयोग नाही, नियम घेऊन जा. एक रजिस्टर, त्यात तारीख, फ्लॅट नंबर, घेतल्याची सही. केबिनमधे एक बंद कपाट. कॅश ऑन डिलिव्हरी आणि महागडी वस्तू वॉचमन घेणार नाही, दोन दिवसांत नेलं नाही तर जबाबदारी आपली. मायगेटसारखं ॲप असेल तर त्यात पार्सल गेटवर ठेवायला सांगायची सोय असते, मग नोंद आपोआप होते. वॉचमनचं मूळ काम गेट सांभाळायचं आहे हे लक्षात असू द्या, पार्सलचं काम वाढवलंत तर सोसायटीने त्याचे पैसेही वाढवावेत असं माझं स्पष्ट मत आहे, दिवाळीला मिठाईचा पुडा दिला म्हणजे झालं असं नाही.

आणि कमिटी नाहीच म्हणाली तर बिल्डिंगखालचा इस्त्रीवाला बघा. दिवसभर तिथेच असतो, सगळ्यांचे फ्लॅट नंबर त्याला पाठ, कपडे द्यायला-घ्यायला तुम्ही जाताच. महिन्याचे काहीतरी ठरवून द्या, फुकटात नको.

प्रश्न : मी पीजीमधे राहतो, आयटीत आहे, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. परवा वर्क फ्रॉम होम होतं, दिवसभर रूमवरच होतो, ना फोन ना बेल, आणि संध्याकाळी मेसेज आला की डिलिव्हरीचा प्रयत्न केला, कस्टमर उपलब्ध नाही. हे सरळ खोटं आहे ना? आणि ऑफिसला असलो की डिलिव्हरीवाला म्हणतो ओटीपी सांगा, मी खाली ठेवून जातो. सांगायचा का?
— एक वाचक, वाकड

खोटं असू शकतं. पण नेहमी लबाडीच असते असं नाही. त्या पोरांना बऱ्याच ठिकाणी पार्सलमागे पैसे मिळतात, गठ्ठा मोठा, वाकड-हिंजवडीचं ट्रॅफिक तुम्हाला मी काय सांगणार, आणि दिवस संपताना उरलेल्या पार्सलांपुढे काहीतरी कारण टाकावंच लागतं. पीजीच्या पत्त्यात घोळही फार असतो, एकाच गल्लीत सारख्या नावाच्या तीन बिल्डिंगा. खूण लिहा, मजला लिहा, गेट कुठल्या बाजूला ते लिहा. दुसरा नंबर टाकता येत असेल तर पीजीच्या काकांचा टाका, त्यांना विचारून.

तरी असं झालं तर त्याच दिवशी ॲपवर तक्रार टाका, सोबत कॉल लॉगचा स्क्रीनशॉट, फोन आलाच नाही हे त्यात दिसतं. चॅटवर नुसतं सॉरी म्हणून गुंडाळलं तर कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तिथेही काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. पाचशे रुपयांच्या चार्जरसाठी एवढं कोण करतं म्हणाल, पण नुसतं लिहिलं तरी पुष्कळदा दुसऱ्या दिवशी पार्सल दारात येतं.

ओटीपीचं सांगते. ओटीपी म्हणजे तुमची सही. पार्सल हातात आलं असं तुम्ही लिहून देताय. त्यामुळे "खाली ठेवतो" म्हणणाऱ्याला नाही सांगायचा. पीजीचे काका किंवा वॉचमन यांच्या हातात पार्सल गेलं, तुम्ही त्यांच्याशी फोनवर बोललात, "हो आलंय" असं ते म्हणाले, मग सांगा. ते पण स्वस्त वस्तूंसाठी. मोबाईल, लॅपटॉप असलं काही असेल तर स्वतः हजर राहा. ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर समोर खोका उघडून, बघून मगच ओटीपी, एकदा दिलात आणि नंतर आत वस्तू भलतीच निघाली म्हणालात तर फारशी दाद लागत नाही.

अजून एक, हे सगळ्यांसाठीच. कुणी फोन करून म्हणालं की तुमचं पार्सल अडकलंय, डिलिव्हरीवाल्याशी बोलायला स्टार ४०१ स्टार आणि पुढे हा नंबर डायल करा, तर फोन ठेवून द्या. त्याने तुमचे कॉल त्याच्याकडे फॉरवर्ड होतात आणि बँकेचा ओटीपी फोनवरून सांगितला जातो तोसुद्धा त्यालाच ऐकू जातो. ही फसवणूक इतकी वाढली की दूरसंचार खात्याने १५ एप्रिल २०२४ पासून या कोडने कॉल फॉरवर्ड करायची सोयच बंद करायला सांगितली, पण फसवणारे नवीन काहीतरी काढतातच. चुकून डायल केलंच असेल तर ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग काढून टाका, आणि पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन. "पत्ता अपूर्ण आहे, लिंकवर क्लिक करून अपडेट करा" असा पोस्टाच्या नावाने एसेमेस येतो तोही बनावट. दिवसभर कामात असलं आणि खरंच एखादं पार्सल यायचं असलं की माणूस घाईत क्लिक करतो, ते लोक त्याचीच वाट बघत असतात.

प्रश्न : आम्ही दोघं कामावर, घरी सासूबाई असतात. दोनदा असं झालं की कोणीतरी आमच्या नावाचं पार्सल आणलं, साडेसहाशे-सातशे रुपये कॅश मागितले, त्यांनी दिले. आत भलतंच काहीतरी फालतू. आम्ही मागवलंच नव्हतं! त्यांना बोलावं तर वाईट वाटतं.
— एक वाचक, नाशिक

त्यांना काही बोलू नका. दारात तरुण मुलगा उभा, वर तुमचं नाव, "सुनेनेच मागवलं असेल" असं कुणालाही वाटेल. नियम तुम्ही स्वतःला लावा : घरात यापुढे कॅश ऑन डिलिव्हरीने काहीही मागवायचं नाही, अगदी काहीही. मग सासूबाईंना सांगायला एकच वाक्य उरतं, पैसे मागितले की ते आपलं पार्सल नाही. "फोन करून विचारा" असं सांगू नका, तुम्ही फोन उचलत नाही आणि तो दारात घाई करतो, तिथेच गडबड होते.

प्रश्न : मी कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत हाय, रूमवर तिघं पण तिघांच्या शिफ्टा वेगळ्या, दिवसा एकतर झोपलेलो नाहीतर कंपनीत. नव्या गाडीचं आरसी पोस्टानं यायचंय, ते माघारी गेलं तर? तेवढं सांगा की.
— एक वाचक, कोल्हापूर

पोस्टाचं काम कुरिअरपेक्षा सोपं असतं, फक्त आपण पोस्टमनला ओळखतच नाही. स्पीड पोस्टचा १३ अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, पुढे दोन अक्षरं, मधे नऊ आकडे आणि शेवटी आयएन. तो एसेमेसमधे आला की इंडिया पोस्टच्या साइटवर बघत राहा. तुमच्या डिलिव्हरी पोस्ट ऑफिसात आलंय असं दिसलं की शिफ्ट बघून ओळखपत्र घेऊन सरळ तिथे जा. सकाळी जाणं चांगलं, पोस्टमन बीटवर निघायच्या आधी तिथेच पत्रं लावत बसलेले असतात, त्यांनाच गाठा. तुमची सेकंड शिफ्ट असेल तेव्हा हे सहज जमेल. शनिवारीही पोस्ट उघडं असतं. दार बंद बघून पोस्टमन चिठ्ठी टाकून गेला तर पोस्टात ते काही दिवस ठेवतात, पण "बघू पुढच्या आठवड्यात" करू नका. परत गेलं की ते आरटीओत जातं आणि मग तिथल्या चकरा. आरसी हातात येईपर्यंत डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधलं आरसी दाखवलं तरी चालतं, पोलिसांनी अडवलं तर घाबरू नका.

आणि १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमधेच विलीन झालंय, त्यामुळे घरचे "रजिस्टरने पाठवलंय" म्हणाले तरी ट्रॅकिंग स्पीड पोस्टचंच बघायचं. आता पाठवणाऱ्याने पाच रुपये आणि वर जीएसटी भरला तर ओटीपी सांगूनच द्यायची सोयही आहे, म्हणून फॉर्मवर तुमचा चालू नंबर आहे ना तेवढं बघा. जुना नंबर असेल तर तुम्ही दारात उभे असूनही अडून बसाल.

प्रश्न : दर मे महिन्यात देवगडहून बाबा ट्रॅव्हल्सने आंब्याची पेटी पाठवतात. गाडी पहाटे कधीतरी हायवेला पोचते, वेळ नक्की नाही, मला आठला कंपनीची बस पकडायची असते. मागच्या वर्षी पेटी दिवसभर ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात उन्हात पडून होती.
— एक वाचक, खारघर

ह्या प्रश्नाला मी सगळ्यात आधी उत्तर द्यायला हवं होतं! बाबांना म्हणावं शुक्रवारी रात्रीच्या गाडीला द्या, म्हणजे शनिवारी पहाटे येईल, बाकी कुठल्याही दिवशी नको. गाडी सुटली की त्यांनी गाडीचा नंबर आणि ड्रायव्हर-क्लिनरपैकी एकाचा मोबाईल तुम्हाला पाठवायचा, बुकिंग ऑफिसचा नंबर पहाटे कुणी उचलत नाही. गाडी माणगावला आली की फोन करा असं क्लिनरला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तोंड धुऊन निघायला वेळ मिळतो. फळ कच्चंच पाठवायला सांगा, पेंढ्यात घातलेला कच्चा हापूस अर्धा दिवस उशीर सहन करतो, पिकायला आलेला नाही करत. घरी आल्यावर पेटी लगेच उघडून वारा लागू द्या. आणि पेटीवर नुसतं नाव नको, मे महिन्यात एकाच गाडीत एकाच आडनावाच्या चार पेट्या असतात, मोबाईल नंबर जाड मार्करने दोन बाजूंना.