मार्सेय: सकाळ बंदरावर, दुपार घरात, संध्याकाळ समुद्राकाठी

तुमचा प्रश्न असा आहे: जुलैत आईवडिलांना घेऊन पाच दिवस फ्रान्समधल्या मार्सेयला यायचंय, वडिलांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी आहे आणि धावपळीची सहल कुणालाच नको, तर शहर कसं बघावं? मी नोकरीनिमित्त इथेच राहते आणि घरचे पाहुणे नेमके जुलै-ऑगस्टमध्येच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उन्हाचं वेळापत्रक समजून घ्या, बाकीचं आपोआप बसतं. दुपारी पारा तिशीच्या आसपास किंवा वरच असतो, आणि इथल्या पांढऱ्या चुनखडीच्या दगडावरून ऊन थेट डोळ्यांत येतं. पण जुलैच्या सुरुवातीला सूर्य मावळतो रात्री सव्वानऊच्या पुढे. सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी सहा ते दहा एवढा वेळ फिरायला भरपूर झाला. मधल्या वेळात जेवा आणि झोपा. खिडक्यांच्या लाकडी झडपा सकाळीच लावून घ्या, इथले लोक तेच करतात. घर भाड्याने घेताना दोन गोष्टी स्पष्ट विचारा: एसी आहे का आणि लिफ्ट आहे का. जुन्या वस्तीतल्या अरुंद, तीन-चार मजली घरांना बहुधा लिफ्ट नसते. जिना चढून वडिलांचे गुडघे धरले, तर पुढचे चार दिवस वाया जातील.

पहिली सकाळ जुन्या बंदरावर, म्हणजे व्यू पोरवर काढा. इ.स.पू. ६००च्या सुमारास ग्रीक खलाशांनी याच खाडीत वस्ती केली आणि शहर अजूनही तिच्याभोवतीच फिरतं. खाडीच्या टोकाला रोज सकाळी मासळी बाजार भरतो. बाजार छोटासाच, काही टेबलं मांडलेली, मागे त्यांच्याच होड्या बांधलेल्या. उथळ निळ्या ट्रेमधल्या पाण्यात मासे अजून हलत असतात, लाल काटेरी रास्कास तोंड उघडंच ठेवून असतो, आणि विकणारी बाई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता कात्रीने पर छाटत असते. कोकणातली कुठलीही व्यक्ती तिथे अर्धा तास सहज उभी राहते. अकरानंतर मजा संपते. शेजारीच वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांनी २०१३ साली उभारलेलं आरशाचं मोठं छत आहे. सावली मिळते, आणि वर पाहिलं की सगळं बंदर उलटं दिसतं. मग नगरपालिकेसमोरून सुटणारी छोटी फेरीबोट घ्या. काही मिनिटांत ती पलीकडच्या काठाला लावते.

नगरपालिकेच्या मागे टेकडीवर ल पानिए ही सर्वांत जुनी वस्ती आहे. तिचा बंदराकडचा भाग १९४३ साली जर्मनांनी लोकांना बाहेर काढून सुरुंगांनी उडवला, म्हणून खालच्या इमारती नंतरच्या वाटतात. तिथे चढ आहे, पण जवळच्या बाकांवर बसत बसत व्येय शारितेपर्यंत जाता येतं. सतराव्या शतकात गोरगरिबांना ठेवण्यासाठी बांधलेली ही वास्तू. कमानींच्या तीन मजली सज्जांनी वेढलेलं भलंमोठं चौकोनी अंगण, मधोमध अंडाकृती घुमटाचं देऊळ. अंगणात शांत बसा, संग्रहालय नाही पाहिलं तरी चालेल.

एक संध्याकाळ मात्र राखून ठेवा फोर सँ-जाँ या किल्ल्यासाठी. बंदराच्या तोंडावरच आहे, बागेत आणि तटावर जायला तिकीट नाही. तिथून एक पादचारी पूल थेट म्यूसेम या संग्रहालयाच्या गच्चीवर नेतो. त्याच्या काँक्रीटच्या जाळीतून संध्याकाळचं ऊन जमिनीवर नक्षीसारखं पडतं. संग्रहालय मंगळवारी बंद असतं.

मराठी माणसाने या तटावरून उत्तरेकडे जरूर पाहावं. पाठ्यपुस्तकातलं मार्सेलिस ते हेच. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, पोहत धक्का गाठला, आणि फ्रेंच शिपायाने पकडून त्यांना पुन्हा बोटीवर सोपवलं. फ्रान्सच्या भूमीवरून त्यांना असं परत देणं योग्य होतं का, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. बरेच जण व्यू पोरच्या काठावर उभे राहून ती जागा शोधतात. पण एवढ्या मोठ्या बोटी जुन्या बंदरात येत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्यासाठी ज्योलिएतच्या बाजूला नवं बंदर वाढत गेलं, आणि तेच तटावरून दिसतं. माझ्या वडिलांना तिथे उभं राहून धक्का ते पाणी हे अंतर डोळ्यांनी मोजायचं होतं. आम्ही तासभर तिथेच होतो. तुमच्या तारखा जुळत असतील तर ८ जुलैला जा.

नोत्र दाम द ला गार्द हे टेकडीवरचं चर्च चालत चढू नका. व्यू पोरहून ६० नंबरची बस वरपर्यंत जाते, शेवटी थोड्या पायऱ्या लागतात. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते. आत छतापासून छोट्या जहाजांच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत, भिंतींवर वादळातून वाचलेल्यांनी नवस फेडण्यासाठी लावलेली चित्रं आणि फलक. आईला ते जास्त भावेल असं वाटतं. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट १९४४ मधल्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा आहेत, त्याही बघा.

समुद्रात पाय बुडवायचे तर कातालाँची पुळण सर्वांत जवळ, पण जुलैत सकाळी दहानंतर तिथे टॉवेल अंथरायला जागा उरत नाही. त्यापेक्षा ८३ नंबरच्या बसने कॉर्निश रस्त्याने जा आणि व्हालाँ देझोफला उतरा. रस्त्याच्या कमानीखाली दडलेलं एवढंसं कोळ्यांचं बंदर आहे, रंगीत होड्या, वर वाळत घातलेले कपडे. खाली पायऱ्या आहेत. वडिलांना नको वाटल्या तर वरच्या कठड्याच्या लांबच लांब बाकावर बसूनही सूर्यास्त उत्तम दिसतो.

आता आईचं जेवण. पानिस मागा. बेसनासारखंच चण्याचं पीठ घट्ट शिजवून, थापून, चकत्या कापून तळतात. चव थेट पिठल्याच्या वडीच्या घराण्यातली. ती खायला लेस्ताकला जा, तेही बोटीने. व्यू पोरहून उन्हाळ्यात सार्वजनिक वाहतुकीचीच बोट सुटते, साधारण चाळीस मिनिटांचा प्रवास. चित्रकार सेझान यांनी रंगवलेली खाडी ती हीच. शिवाय नोआयच्या बाजारात उत्तर आफ्रिकी दुकानं आहेत. मसूर, चणे, जिरं, कोथिंबीर, पुदिना सगळं मिळतं, त्यामुळे एक वेळ घरी रांधणं सोपं जातं. तिथे मोबाइल आणि पाकीट मागच्या खिशात ठेवू नका. दुकानात शिरताना आधी ‘बाँजूर’ म्हणा, मग काय हवं ते विचारा. तसं न केलं तर खरोखर राग येतो.

बुयाबेस खायचा असेल तर नीट चौकशी करून, आदल्या दिवशी सांगून. चांगल्या ठिकाणी माणशी साठ युरोंच्या पुढेच जातो. न विकलेल्या माशांचं कोळ्यांचं कालवण होतं ते, आता मोठ्या ताटाचं झालंय. एकट्या वडिलांसाठी मी साधं फिश सूप मागवेन. सोबत टोस्ट आणि लसूण-केशराची ‘रुई’ नावाची चटणी येते, पोटही भरतं.

कालाँकच्या खाड्या बघितल्याशिवाय जाऊ नका, पण चालत नको. जून ते सप्टेंबर वणव्याच्या धोक्यामुळे पायवाटा कधीही बंद होतात, आणि त्यातल्या सुजितों या खाडीसाठी आधी परवाना काढावा लागतो. व्यू पोरहून दोन-तीन तासांची बोटसफर घ्या, शक्यतो सकाळची. मात्र हे तिकीट आधीच काढून ठेवू नका. मिस्त्राल वारा सुटला की आकाश लख्ख निळं असूनही समुद्र खवळतो आणि बोटी रद्द होतात. इथे पोहोचल्यावर अंदाज बघा आणि पाचांपैकी वारा पडलेला दिवस त्यासाठी ठेवा.